कणीक वाळल्याचा आवाज

माझ्या गाडीचं इंजिन ठोकतंय हे मी सोडून बेळगावकडच्या अख्ख्या खानापूर तालुक्याला ऐकू येत होतं.

गाडी टाटा ४०७, मॉडेल २००४. उचगाव-बेळगुंदीकडची रताळी नाहीतर यार्डातला कोबी भरायचा आणि जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत गोव्यात उतरवायचा, हा धंदा. बारा वर्षं मी त्या केबिनमध्ये बसतोय. दार खडखडतं, काच थरथरते, सीटखाली जॅक नाचतो. त्यातून एक ‘टक टक’ वेगळी काढायची म्हणजे वरातीच्या बँडमध्ये नवरीचा हुंदका शोधायचा. पण पंपावरचं पोरगं डिझेल भरता भरता म्हणालं, “मामा, इंजिन ठोकूलंय की!” घरी सांगितलं तर बायको शांतपणे म्हणाली, “महिना झाला. तो आवाज गल्लीच्या तोंडाला आला की मी कुकर लावते.”

महिनाभर! एका शब्दानं सांगितलं नाही. कुकरची सोय होत होती ना.

शहरातल्या मिस्त्रीनं लाकडी मुठीचा लांब स्क्रू-ड्रायव्हर ब्लॉकला टेकवला, मूठ कानाला लावली आणि दोन सेकंदांत निकाल दिला. “बेअरिंग गेलंय सावकार. चेंबर खोलायला लागतंय. हाफ इंजिन धरा, साठ हजार.” मी म्हटलं, मला तर काही ऐकू येत नाही. त्यावर तो हाताखालच्या पोराला म्हणाला, “इवंग किवी केळंगिल्ल,” आणि दोघं हसले. याला कान नाहीत, म्हणे. अरे बाबा, पहाणीपासून (तुमचा सातबारा) पासिंगपर्यंत सगळे कागद कानडीत वाचून घ्यावे लागणारा माणूस मी, तेवढं कानडी मला येतं. मी काही बोललो नाही. साठ हजार ऐकल्यावर माणसाला कुठल्याच भाषेत बोलता येत नाही. वीस वर्षांच्या गाडीचा दरवर्षी फिटनेस, वर टायर, वर विमा, आणि रताळ्याला दर काय मिळतो ते विचारू नका.

म्हणून मी गाडी तशीच भरली. जांबोटीच्या स्टँडवर चहाला थांबलो, इंजिन चालूच ठेवलं, कारण बंद केलं की परत चालू होईल याची खात्री नव्हती. तिथं एक म्हातारा कापडी खोळीत पखवाज घेऊन कणकुंबीच्या सप्ताहाला जायला गाडीची वाट बघत होता. तो उठला, बॉनेटपाशी आला आणि डोळे मिटून उभा राहिला. मला वाटलं, चक्कर आली.

“कणीक वाळलीय,” तो म्हणाला.

“काय?”

“कणीक, कणीक! डाव्या अंगाला लावतोय न्हवं आम्ही? ती वाळली की पखवाज आसाच बोलतोय.”

“तात्या, हे इंजिन हाय. मिस्त्री म्हणतोय बेअरिंग गेलंय.”

“कुठला मिस्त्री? त्येला धुमा ठावं हाय काय, शाई ठावं हाय?” मग त्यानं खोळीवरूनच डाव्या तोंडावर, म्हणजे धुम्यावर, थाप मारली. “बेअरिंग गेलं तर आसं येणार. पोटातनं. धब्ब. आन तुझं काय वाजूलंय? टक्, टक्. हे शाईचं, उजव्या अंगाचं. वरचं हाय.”

चहावाला कपबशी घेऊन बाहेर आला. दोन कॉलेजची पोरं आली. एक बाई कोथिंबिरीची पेंढी तशीच हातात धरून थांबली. सगळे माना डोलवायला लागले, म्हणजे त्यांनाही शाई ऐकू येत होती.

“चार मात्रा हायत,” म्हातारा मांडीवर बोट वाजवत म्हणाला. “दुसरी जड पडूलीय.”

स्टँडमागं ट्रॅक्टर दुरुस्त करणारं एक पोरगं पाना घेऊनच आलं. त्यानं दोन नंबरच्या सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या पाइपाचा नट ढिला केला. डिझेल उडालं, इंजिन मिस मारायला लागलं, ठोका मात्र होता तिथंच, असं मला सांगण्यात आलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण म्हातारा ढिम्म. “मी नंबर सांगिटलो न्हाई. मात्रा सांगिटलो.”

पोरगं थबकलं. मग कपाळावर हात मारून ओरडलं, “फायरिंग ऑर्डर! सिलिंडर पेटतात एक, तीन, चार, दोन असे! दुसरी मात्रा म्हणजे तीन नंबर की ओ!”

तीनचा नट ढिला केला आणि अख्ख्या स्टँडनं “गेलाऽऽ” म्हणून श्वास सोडला. माझ्या कानाला आधीही काही नव्हतं, नंतरही काही नाही. मीपण “गेला की” म्हटलं.

पोरगं हुशार. म्हणालं, नट ढिला करून ठोका गेला म्हणून बेअरिंग निर्दोष सुटलं असं नाही. स्फोटाचा जोर गेला की बेअरिंगही गप्प बसतं. म्हणून त्यानं एक आणि तीनचं नोझल आपसांत बदललं. गोव्यातल्या साखळी गावच्या व्यापाऱ्याचे तेवढ्यात तीन फोन आले. गाडी चालू केली तर ठोका एक नंबरला. बेअरिंग असं घर बदलून राहायला जात नाही. नोझल गळत होतं. डिझेलचा धुरळा उडायचा सोडून थेंब साचायचे आणि सगळे मिळून एकदम पेटायचे. मोहरी तडतडायच्या ऐवजी कढईनंच पेट घ्यावा, तसं. नवं नोझल दोन हजारांच्या आत बसलं.

आता तुम्ही म्हणाल, मग रडतोस कशाला? रडतोय यासाठी की आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना, इंजिन मिनिटाला सातशे फेरे घेतं. दोन फेऱ्यांत चार स्फोट, म्हणजे सेकंदाला तेवीस. त्यातली ‘दुसरी’ कुठली हे कुणाच्याही बापाला ऐकू येणार नाही. आणि गोल फिरणाऱ्या वस्तूत पहिली कुठली ते तरी कुणी ठरवलं? मी विचारलंच, “तात्या, सम कुठनं धरलासा?”

“जितनं मी ऐकाय लागलो तितनं.”

म्हणजे निव्वळ मटका! पण हे जांबोटीत कुणाला सांगू? तिथं आता त्याला लोक ‘इंजिनवाले बुवा’ म्हणतात आणि मला ‘ते बहिरे ४०७’.

कणकुंबीपर्यंत तो पुढच्या सीटवर फुकट आला, डॅशबोर्डवर धुमाळी वाजवत. आज सकाळी परत स्टँडवर हजर, सोबत दोन टाळकरी. बॉनेटला कान लावून म्हणाला, “आता गिअरबॉक्सात झांज लागलीय बघ.”

मला काहीच ऐकू आलं नाही. टाळकऱ्यांना रताळ्यांच्या पोत्यांवर बसवलं, कानाला मफलर गुंडाळला आणि गाडी काढली.