टाचेचं वाढलेलं हाड आणि आईंची फेरी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. शब्द तिखट आहेत, पण त्यामागे आईचं दुखणं आहे. म्हणून दोन ओळींत आटपत नाही, सविस्तर लिहिते.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. टाचदुखीवरच्या लेखात मी म्हटलं होतं की एक्स-रेत वाढलेलं हाड दिसलं म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं असं होत नाही, आणि बहुतेकांनी चालणं पूर्ण बंद करू नये. त्यावर नाशिकच्या सिडकोतल्या या दादांनी लिहिलंय: आईंचं वय एकसष्ट, साखर आहे, उजवी टाच पाच-सहा महिने दुखतेय. एक्स-रेत हाड सुईसारखं पुढे आलेलं दिसतं आणि एका डॉक्टरांनी ते कापून टाकायला सांगितलंय. 'डोळ्यांना दिसणारं हाड तुम्ही नाकारता कसं? तुमच्यासारख्यांमुळे लोक वेळेवर डॉक्टरांकडे जात नाहीत.' पुढे म्हणतात, आजी पंचवटीत जन्मभर अनवाणी वावरली, तिला काही झालं नाही. रुईच्या पानांच्या शेकाबद्दल मी अवाक्षर काढलं नाही आणि बाहेरदेशीचे व्यायाम तेवढे सांगितले. आणि आईंना श्रावणात त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरी डोंगराची फेरी, म्हणजे पायी प्रदक्षिणा, करायचीच आहे, तिचं काय?

आधी हाडाचं बोलू. ते हाड मी नाकारत नाही. ते आहे. पण ते दुखतंय का, हा प्रश्न वेगळा. टाचेच्या तक्रारीचं नावही न काढणाऱ्या कितीतरी माणसांच्या एक्स-रेत तसाच काटा सापडतो, आणि टाच टेकवता येत नाही अशा कितीतरी जणांचा एक्स-रे स्वच्छ असतो. दुसरं म्हणजे त्याची दिशा बघा. फोटो पुन्हा काढून उजेडात धरा. तो काटा खाली जमिनीकडे रोखलेला नसतो, पुढे बोटांकडे वळलेला असतो. चालताना तो मांसात रुततो हे चित्र डोक्यात पक्कं बसलेलं असतं, पण पाऊल टेकतं त्या दिशेला तो नसतोच. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: दुखणं पूर्ण थांबलेल्या माणसाचा पुन्हा एक्स-रे काढला तर हाड जागच्या जागी असतं. कारण तेच असतं तर ते तिथे असताना दुखणं गेलं कसं?

मग दुखतं काय? टाचेच्या हाडाच्या तळाशी, आतल्या बाजूला, एक जाड चिवट पट्टा सुरू होतो आणि तळव्यातून पुढे बोटांच्या मुळापर्यंत जातो. त्याला प्लांटार फॅशिया म्हणतात. १९५४ साली जे. एच. हिक्स यांनी त्याचं काम फार सुंदर उलगडून दाखवलं. पाऊल उचलताना बोटं वर वळतात, तसा हा पट्टा विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळावा तसा बोटांच्या मुळाशी ओढला जातो, पायाची कमान वर उचलली जाते आणि पाऊल घट्ट होऊन शरीर पुढे ढकलतं. प्रत्येक पावलाला हे होतं. त्याच्या मुळाशी झेपण्यापेक्षा जास्त ताण पडत राहिला की तिथले तंतू झिजतात, विस्कटतात. २००३ साली ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या ५० नमुन्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली, तेव्हा त्यांत सूज आणणाऱ्या पेशी दिसल्या नाहीत, दिसली ती झीज. म्हणूनच नुसत्या सूज उतरवणाऱ्या गोळ्यांवर महिनोन्‌महिने राहून हे दुखणं जात नाही.

हे तुम्हाला घरीच बघता येईल. आईंना पलंगावर बसवा, उजवा पाय डाव्या मांडीवर घ्यायला सांगा. एका हातानं पायाची बोटं, विशेषतः अंगठा, नडगीकडे मागे ओढा. तळव्यात एक ताठ दोरी वर आलेली दिसेल. तिच्यावरून दुसऱ्या हाताचा अंगठा टाचेकडे नेत जा. टाच सुरू होते तिथे, आतल्या कडेला, एका ठरावीक जागी दाबताच त्या पाय ओढून घेत असतील, तर या पट्ट्याचीच शंका घ्यायची. मग विचारा, सकाळी पहिलं पाऊल कसं पडतं? रात्रभर पाऊल खाली झुकलेलं असतं, पोटरी आणि पट्टा आखडलेल्या स्थितीत असतात. उठून उभं राहिलं की त्यांच्यावर एकदम ताण येतो आणि कळ मारते. मोरीपर्यंत जाईतो थोडं बरं वाटतं, दिवसभर बरं चालतं, संध्याकाळी पुन्हा ठणकतं. दुपारी तासभर बसून उठलं की पुन्हा तीच पहिली पावलं. ही वेळापत्रकासारखी नेमकी तक्रार ऐकली की माझं अर्धं निदान तिथेच होतं, आणि एक्स-रेपेक्षा मी तिच्यावर जास्त विसंबते.

पण दादा, तुमच्या आरोपातली डॉक्टरांची गोष्ट मला सोडून देता येत नाही, कारण सगळ्या टाचा या एकाच कारणानं दुखत नाहीत, आणि कुठली टाच ताबडतोब दाखवायची हे लोकांना माहीत असायलाच हवं.

टाचेच्या अगदी मधोमध, कडक जमिनीवर अनवाणी उभं राहिलं की ठेचल्यासारखं दुखत असेल तर टाचेखालची चरबीची गादी पातळ झालेली असू शकते. वयानं ती पातळ होते, आणि टाचेत वारंवार स्टेरॉइडची इंजेक्शनं घेतल्यानंही होते. जळजळ, मुंग्या, बधिरपणा, आणि रात्री अंथरुणात पडल्यावर जास्त त्रास, असं असेल तर नस बघायला हवी: घोट्याच्या आतल्या बाजूला दबलेली, कमरेतून येणारी, किंवा साखरेनं खराब झालेली. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबली की जीव कळवळतो, आणि महिनाभरात चालणं किंवा उभं राहणं एकदम वाढलेलं आहे, तर टाचेच्या हाडाला बारीक तडा गेला असण्याची शक्यता असते. ती साध्या एक्स-रेत सुरुवातीला दिसतही नाही. मागच्या बाजूला, चपलेचा पट्टा लागतो तिथे दुखत असेल तर तो पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या जाड स्नायुबंधाचा प्रश्न. आठ ते चौदा वर्षांचं खेळणारं मूल टाच धरून बसत असेल तर ते बहुधा वाढीच्या हाडाचं दुखणं असतं, विश्रांतीनं आणि वयानं जातं.

आणि एक गोष्ट मुद्दाम ठळकपणे लिहिते, कारण तिच्यात वर्षं वाया जातात. विशी-तिशीतला तरुण, दोन्ही टाचा दुखतात, सकाळी कंबर अर्धा-पाऊण तास धरलेली असते आणि हालचाल केल्यावर सुटते. अशा मुलाला नुसती मऊ चप्पल देऊन परत पाठवू नका. संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. त्याची टाच हे मणक्याच्या संधिवाताचं पहिलं लक्षण असू शकतं.

ताप, लाली, सूज, जखम, पडल्यावर टेकवताच न येणारा पाय, झोपेतून उठवणारं दुखणं, यांतलं काहीही असेल तर माझा लेख वाचत बसू नका. दवाखाना गाठा.

आता आजींचं. त्या अनवाणी वावरल्या हे खरंच. पण सारवलेलं अंगण, मातीची वाट, गोदाघाटाच्या पायऱ्या, दिवसातून शंभरदा उकिडवं बसणं आणि उठणं यांनी त्यांची पोटरी लांब आणि तळवा मजबूत राहिला. लहानपणापासून पायाला हळूहळू सवय होत गेली. तुमच्या आई गुळगुळीत फरशीवर ओट्यापाशी तासन्‌तास उभ्या असतात, बसतात खुर्चीवर, आणि पोटरी आखडलेली. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काँक्रीटवर शिफ्टभर उभे राहणारे माझ्याकडे याच तक्रारीनं येतात. नवरात्रात वर्षभराची सवय मोडून नऊ दिवस डांबरी रस्त्यावर अनवाणी फिरणारेही दसऱ्यानंतर येतात. एक जानेवारीला गोल्फ क्लब मैदानावर फेऱ्या सुरू करून पहिल्याच आठवड्यात मनाचं समाधान होईपर्यंत चालणारेही येतात. अनवाणी पाय वाईट नाही, चालणंही वाईट नाही. पायाला झेपेल त्यापेक्षा एकदम जास्त मागितलं की तो नाही म्हणतो.

रुईच्या पानाचा शेक. गरम विटेवर पान ठेवून टाच शेकली की आराम वाटतो, पोटरीला ऊब मिळते, आणि मायेनं कुणी पाय धरून बसलं की दुखणं हलकं होतं, हे मी मानते. पण तुमच्या आईंना साखर आहे. साखरेत तळव्याची जाणीव कमी होते आणि वीट किती तापलीय हे पायाला कळत नाही. शेकानं फोड आलेले, चिघळलेले पाय मी पाहिलेत, आणि त्यातला एकेक बरा व्हायला फार सोसावं लागलं. दादा, विनंती आहे, आईंना विटेचा शेक देऊ नका. तळव्याची जाणीव तपासून घ्या. दोन मिनिटांची तपासणी आहे, बारीक तंतू टेकवून करतात. रोज रात्री तळवे उजेडात बघा. घरात फरशीवर एमसीआरची, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराची, चप्पल घालू द्या. हे रबर आपल्याकडे वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांच्या काळात कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांना जखमा होऊ नयेत म्हणून वापरात आलं. तेव्हा ही काही चपलांच्या कंपन्यांनी काढलेली टूम नाही.

व्यायाम बाहेरदेशीचे म्हणालात. त्यांचा अभ्यास तिकडे झाला हे खरं, पण ते करायला लागतो एक पंचा आणि जिन्याची पायरी. पहिला व्यायाम पलंगावरून पाय खाली टेकवायच्या आधीचा: वर सांगितलं तसा पाय मांडीवर घ्यायचा, बोटं मागे ओढून दहा आकडे मोजायचे, सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. सकाळचा मात्र चुकवायचा नाही. दुसरा जरा जड. पंचाची घट्ट गुंडाळी करून पायरीवर ठेवायची, बोटं तिच्यावर वर वळलेली, टाच पायरीच्या बाहेर. कठडा धरायचा. तीन आकड्यांत टाच वर, दोन आकडे तिथेच, तीन आकड्यांत खाली. डेन्मार्कमधल्या ४८ रुग्णांच्या अभ्यासात हा व्यायाम एका पायावर, दिवसाआड करणाऱ्यांना तीन महिन्यांनी नुसता पट्टा ताणण्याचा व्यायाम करणाऱ्यांपेक्षा बराच जास्त फरक पडला. वर्षाअखेर दोन्ही गट जवळपास सारखेच होते, म्हणजे हा व्यायाम लवकर बरं करतो एवढंच मी म्हणेन. आईंनी दोन्ही पायांवर, आणि पायरीऐवजी ओटा धरून जमिनीवरच सुरू करावं. करताना थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळची कळ वाढली तर कमी करायचं.

ऑपरेशनचं. मी तुमच्या डॉक्टरांना पाहिलेलं नाही, त्यांच्याविषयी बोलणार नाही. पण सर्वसाधारण पद्धत अशी आहे की बहुतेक माणसं वर्षभरात ऑपरेशनशिवाय बरी होतात, आणि सहा ते बारा महिने व्यायाम, पादत्राणं, गरज पडल्यास शॉकवेव्ह (यंत्रानं टाचेवर ध्वनिलहरींचे धक्के देण्याचा उपचार) असं सगळं नीट करूनही फरक नसेल तरच चाकूचा विचार होतो. तेव्हाही मुख्य काम पट्ट्याचा काही भाग सोडवण्याचं असतं, आणि तो जास्त सुटला तर कमान खचून पायाच्या बाहेरच्या कडेला नवं दुखणं सुरू होऊ शकतं. साखरेच्या रुग्णाची जखम भरण्याचा प्रश्न निराळाच. म्हणून दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांचं मत घ्या आणि विचारा: दुखणं हाडाचंच आहे हे कशावरून? नस तपासली का? आतापर्यंत काय करून बघितलं आणि किती दिवस? इंजेक्शन सुचवलं तर त्याबद्दलही विचारा, कारण स्टेरॉइडचा आराम बहुधा काही आठवड्यांचाच असतो, क्वचित पट्टा तुटतो, आणि साखर काही दिवस वर जाते.

राहिली फेरी. तिसऱ्या श्रावणी सोमवारची लहान फेरी सुमारे २० किलोमीटर, चिखल, दगड, गर्दी, आणि पुष्कळजण अनवाणी. आईंच्या मनात ती काय आहे हे मला सांगायला नको, माझ्याही घरातून माणसं जातात. पण आज सकाळची कळ आहे त्या पायानं ती फेरी नको. आज त्या जेवढं चालतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टाच जास्त बोलत नाही, तेवढंच अंतर धरा. मग दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा, बूट घालून. श्रावणापर्यंत सपाटीवर दहा-बारा किलोमीटर बिनतक्रार होऊ लागले आणि तळव्याची जाणीव शाबूत निघाली, तर बूट घालून जायचं की नाही ते डॉक्टरांना विचारून ठरवा. नाही झाले, तर या वर्षी त्र्यंबकेश्वराचं आणि निवृत्तिनाथांचं दर्शन घेऊन गाडीनं परत या आणि फेरी पुढच्या श्रावणात धरा.

आईंना सकाळी पहिल्या पावलाला दुखतं की रात्री पडल्यावर, आणि दाबल्यावर नेमकं कुठे, एवढं बघून इथेच खाली लिहा. तळव्याची जाणीव तपासल्यावर काय निघालं तेही कळवा. त्यावरून पुढचं सांगते.