मेस्त्री ओव्हरड्यू

मंगळुरी कौलांचं घर असलेल्या माणसाला उन्हाळा नसतो. त्याला पावसाळा असतो आणि पावसाळ्याची तयारी असते. त्यात घर बेळगावात असलं की बोलायलाच नको. जुनी माणसं या गावाला गरिबांचं महाबळेश्वर म्हणायची. इथली हवा गरिबांना परवडली, पाऊस अजून परवडत नाही. मे महिन्यात वळीव येतो आणि कुठलं कौल सरकलंय, कुठल्या भिंतीला ओल धरणार आहे, याची झलक दाखवून जातो. जूनमधला मोठा पाऊस त्या माहितीचा पुरेपूर वापर करतो. या दोन पावसांच्या मधे जी काय फट मिळते तेवढ्यात घर शाकारून घ्यायचं असतं, आणि नेमका तेव्हाच गावातल्या प्रत्येक कौलारू घराला मेस्त्री हवा असतो.

आमचं घर बेळगावातल्या शहापुरात. जागचं न हलता ते सांगली संस्थानात होतं, मुंबई राज्यात होतं, 1956 ला म्हैसूर राज्यात गेलं आणि 1973 पासून कर्नाटकात आहे. एवढ्या राजवटी पाहून जी न्हाणी कधी गळली नाही, ती गेल्या पावसाळ्यात गळायला लागली. पाणी झिरपतं ते थेट मागच्या खोलीतल्या भाडेकरूच्या कपाटामागे. भाडेकरू सज्जन आहेत, बोलत काही नाहीत. फक्त भाडं द्यायला येताना ओले कपडे हातात घेऊन येतात.

बेंगळुरूत सॉफ्टवेअरमध्ये असलेला माझा भाचा सुट्टीला आला आणि त्याने माझी वही उचलली. वहीत मेस्त्रींचे खोडून खोडून लिहिलेले नंबर होते, सुताराने नेलेली उचल होती, प्लंबरने सिमेंटच्या पोत्याचा कागद फाडून त्यावर लिहून दिलेली सामानाची यादी होती. त्यातलं निम्मं कानडीत. भाच्याने ती वही हातात अशी धरली की डॉक्टरांनी एक्स-रे धरावा. म्हणाला, "मामा, याचं ॲप करून देतो."

ॲप म्हटल्यावर मला वाटलं, मोबाईलवर एखादा रंगीत चौकोन येईल, त्यात टोपी घातलेला हसरा गवंडी असेल. भाच्याने माझ्या लॅपटॉपवर एक काळा पडदा उघडला. त्यावर एक पांढरी कांडी लुकलुकत होती. बास. "ही कमांड लाइन. बटणं नाहीत, चित्रं नाहीत. टाइप करायचं आणि एंटर मारायचं." 1969 साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये युनिक्स नावाची संगणकप्रणाली तयार झाली तेव्हापासून शहाणी माणसं अशीच काम करतात, असं त्याचं म्हणणं. ॲप पायथन नावाच्या संगणकी भाषेत लिहिलेलं, माहिती एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसात. हा डेटाबेस म्हणे जगातल्या झाडून सगळ्या स्मार्टफोनमध्ये असतोच. म्हणजे मेस्त्रींच्या खिशातही तो होता, आणि तिथेही त्याने मेस्त्रींना कधी आठवण करून दिली नव्हती.

मी पहिलं काम टाकलं. 'घर', मग 'ऍड', मग ठेकेदाराचं नाव, कामाचं नाव, तारीख. प्रत्येक गोष्टीच्या आधी दोन आडव्या रेघा मारायच्या. एक रेघ मारली की ते ओळख दाखवत नाही. एंटर मारला. काहीच झालं नाही. कांडी खालच्या ओळीवर जाऊन पुन्हा लुकलुकायला लागली.

"काय झालं रे?"

"झालं की, मामा."

"काही बोललं नाही ते."

"बोललं नाही म्हणजे झालं. चुकलं असतं तर बोललं असतं."

युनिक्सच्या जगात शांतता म्हणजे यश. माझ्या जगात मेस्त्री शांत झाले, फोन उचलेनासे झाले, की समजायचं गडी गोव्याला मोठ्या कामावर गेला. पुढे भाच्याने आणखी एक गंमत दाखवली. शेवटची कमांड पार पडली का, हे मशीनला विचारता येतं. उत्तर शून्य आलं तर पार पडली. दुसरा कुठलाही आकडा आला तर नापास. मी उभी नोकरी गणिताचा मास्तर म्हणून केली. माझ्याकडून शून्य घेऊन गेलेली किती पोरं असतील, ती आज हे ॲप वापरत असतील तर त्यांना काय आनंद होत असेल!

खरी पंचाईत तारखेपाशी झाली. ॲपला तारीख लागते ती आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी. आयएसओ 8601 हा त्याचा जागतिक नियम. आमच्या मेस्त्रींचा नियम वेगळा आणि बराच जुना आहे. फोन लावला तर म्हणाले, "येतो की ओ सर. गावात लक्ष्मीची यात्रा हाय, ती झाली, पै-पावणं गेलं की बेंदूर झाल्यावर लगेच." बेळगावच्या आसपासच्या गावांत लक्ष्मीची यात्रा वर्षानुवर्षांच्या अंतराने येते आणि आली की गाव घरांना रंग काढतं, मांडव घालतं, लांबलांबचे पाहुणे बोलावतं. त्या रंगाला आणि मांडवाला माणसं मिळतात, हे इथे नोंदवून ठेवतो. ते असो. पण बेंदूर कुठला? आमच्याकडे दोन आहेत. कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठी पौर्णिमेला आणि महाराष्ट्रीय बेंदूर आषाढात. सीमाभागात राहण्याचे अनेक तोटे लोक सांगतात, हा कुणी सांगत नाही. बैल दोन्हीकडे सजतात की नाही माहीत नाही, मेस्त्री दोन्ही धरतात. मी ज्येष्ठातली तारीख टाकली आणि मशीनने ती गपचूप घेतली.

रकमेचंही तेच. 'अंदाजे खर्च' या रकान्यात फक्त आकडा चालतो. मेस्त्रींना विचारलं तर, "तुमच्याकडनं काय जास्त घ्यायचंय सर, बघून सांगतो." सुतार म्हणाला, "द्या की काय द्यायचं ते." प्लंबर कानडीत काहीतरी म्हणाला त्यात 'स्वल्प' हा शब्द ऐकू आला आणि मला धीर आला. यातलं एकही उत्तर मशीनने घेतलं नाही. तांबड्या अक्षरांत कळवलं की पूर्णांक हवा. अहो, मलाही हवाच होता!

भाच्याने आग्रहाने नावं देवनागरीत टाकायची सोय केली होती. काळ्या पडद्याला देवनागरी सोसवत नाही. इंग्रजीत प्रत्येक अक्षर एका खणात बसतं, आपल्या काना-मात्रा आणि जोडाक्षरं खण मोजत नाहीत. 'मेस्त्री' मधला 'स' पाय मोडून एकीकडे उभा आणि 'त्री' दुसरीकडे. 'किचन'ची वेलांटी क सोडून एका ठिपक्यांच्या गोलावर जाऊन बसली होती. तक्त्याची उजवीकडची उभी रेघ कुठेच एका ओळीत येईना. वर कडी म्हणजे, बायकोचं माहेर पुण्याचं. ती 'मिस्त्री' लिहिते. मी 'मेस्त्री' लिहितो. मशीनच्या लेखी ही दोन स्वतंत्र माणसं. आत्तापर्यंत आमच्याकडे एक मेस्त्री येत नव्हते, आता दोन येईनासे झाले.

तेवढ्यात न्हाणीचा विषय निघाला. प्लंबरचं म्हणणं, आधी फरशी फोडून द्या, मग पाइप बघतो. मेस्त्रींचं म्हणणं, आधी प्लंबरला पाइप कुठे गळतोय ते सांगू दे, उगंच कुठं म्हणून फोडू? वर्षभर मी या दोघांच्या मधे फोन फिरवत होतो. भाचा म्हणाला, कुठलं काम कुठल्या कामानंतर, हेही ॲपला सांगता येतं. मी सांगितलं. पाइप फरशीनंतर. नोंद झाली. फरशी पाइपनंतर. मशीनने साफ नकार दिला. तांबड्यात लिहून आलं की कामं गोल फिरताहेत, असली सायकल मी ठेवून घेणार नाही.

भाचा खूश. "बघा मामा, सायकल पकडली त्यानं! एका सेकंदात!"

"पकडली ना? मग आता हाकायची कुणी?"

त्याने मान खाली घालून काहीतरी टाइप करायला घेतलं. या मुलांचं एक चांगलं असतं, उत्तर सुचलं नाही की ती नवीन सोय करून देतात. ही नवीन सोय म्हणजे 'ओव्हरड्यू'. तारीख उलटली की काम तांबडं, जवळ आली की पिवळं, झालं की हिरवं. एवढं करून सुट्टी संपली आणि तो रात्रीच्या गाडीने गेला.

ज्येष्ठी पौर्णिमा आली, गेली. काळ्या पडद्यावर सगळी यादी तांबडी झाली. मी सहज त्याचा फोटो काढला आणि मेस्त्रींना व्हॉट्सॲपवर पाठवला. राग म्हणून नव्हे, नवीन वस्तू चार लोकांना दाखवतो तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी मेस्त्री दारात. मी खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

"सर, ते काय पाठवलाय ओ? माझ्या नावाफुडं तांबडं का दिसूलालंय?"

"ओव्हरड्यू आहे म्हणून."

"आन् दोनदा का दिसूलालंय?"

पुण्याची वेलांटी त्यांना समजावून सांगणं अवघड होतं. त्यांना मालकाच्या रागाची सवय आहे. त्यावर दोन मऊ शब्द टाकले की तो उतरतो. या पडद्यावर त्यांचं काही चालत नव्हतं. ते चष्मा लावून वाकले आणि यादीवरून बोट फिरवत खाली गेले. "सुताराला एकच तांबडं? तो तर उचल घेऊन गेलाय की!" मग हळूच, "प्लंबरला किती हाय?" प्लंबरला एकच आहे कळल्यावर त्यांचा चेहराच पडला. म्हणाले, "माझं ते काढा आधी. पोरगं फोन बघतंय माझा." मी म्हटलं, माझ्या हातात काही नाही, काम झालं की आपोआप हिरवं होतं. हे मात्र खरं होतं. भाच्याने खोडायची कमांड मला शिकवलीच नव्हती.

शिडी आली. दोन पोरं चढली. कौलं उतरून, झाडून, फुटकी बाजूला काढून, पुन्हा बसवत ती संध्याकाळपर्यंत छपराची पुढची पाखी उरकून गेली. मागच्या पाखीवर ताडपत्री आली. मी 'डन' टाइप केलं. मशीन काही बोललं नाही. मेस्त्री शेजारी उभे राहून हिरवं होताना बघत होते.

मग बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "सर, ह्यात माझं पण लिवता येतंय काय?"

"तुमचं काय?"

"कोण कोण पैसे ठेवून घेतलेत ते."

आता दर रविवारी सकाळी मेस्त्री येतात आणि मी त्यांची यादी टाइप करतो. अनगोळचा कंपाउंड, वडगावचा माडी चढवलेला गृहस्थ, टिळकवाडीतले एक वकील. ठेकेदाराच्या रकान्यात मालक आणि कामाच्या रकान्यात बाकी, एवढाच फरक. वकिलांचं नाव तांबडं झालं तेव्हा मेस्त्री मांडीवर हात मारून हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "एक ऱ्हायलं की सर. तुमचेच. मागल्या भिंतीचे सातशे." ती भिंत ओळंब्यात नाही, म्हणून मी ते अडवून ठेवले होते आणि आजही माझं तेच मत आहे. पण मशीनमध्ये भिंतीच्या वाकडेपणाला रकाना नाही. माझं नाव वकिलांच्या खाली तांबडं होऊन बसलं. पैसे काढून दिले.

त्याच यादीत प्लंबरही निघाला. त्याने मेस्त्रींकडून कधीतरी हातउसने घेतले होते. फोटो कुणी पाठवला मला ठाऊक नाही, मेस्त्रींचा मुलगा फोन बघतो एवढं ठाऊक आहे. परवा रात्री, वर्षभर माझा फोन न उचलणाऱ्या प्लंबरचा स्वतःहून फोन आला.

"सर, मेस्त्रींच्या लिस्टात माझं नाव हाय म्हणं. किती दाखवूलालंय?"

"असं फोनवर नाही सांगता येत. रविवारी सकाळी या, मेस्त्रीही असतात, समोरासमोर बघू. आणि येताना पान्हा घेऊन या."