लुडोच्या पटावरून मतपरिवर्तन: हमखास यशाची रीत

लोकांची मतं बदलायची असतील तर ग्रामसभेत जाऊ नका. रविवारची सकाळ फुकट जाते, पंचांची तोंडं पाहावी लागतात, आणि मुख्य म्हणजे तिथे समोरचाही बोलतो. त्यापेक्षा लोक डोकं बाजूला काढून ठेवून जिथे बसतात तिथे शिरा. लुडोचा ग्रुप गाठा.

गोव्यात तो शोधायला लांब जावं लागत नाही. २०२० च्या टाळेबंदीत लुडो किंग घराघरात शिरला, आणि तेव्हा जमलेले कितीतरी कंपू अजून मोडलेले नाहीत. आमच्या डिचोलीकडच्या वाड्यावरचाच घ्या. एक निवृत्त मास्तर, शेजारच्या वाड्यावरच्या माई, पहाटे भट्टी लावायची म्हणून दहाच्या ठोक्याला झोपणारा पोदेर, म्हणजे पाववाला, आणि बोटीवरचा एक तारवटी, म्हणजे खलाशी, ज्याला रेंज आली तरच चौथा गडी मिळतो. रात्री साडेनऊला डाव. गप्पांचे विषय दोनच: कोणाला सहा पडत नाही आणि यंदा मानकुराद आंबे काय भावाने मिळाले. इतकी भुसभुशीत जमीन पाहून ज्याच्या हाताला नांगर धरावासा वाटत नाही, तो कार्यकर्ता कसला?

पहिले चार दिवस नुसतं खेळा. माईंची सोंगटी मारता येत असली तरी मारू नका. पाचव्या दिवशी ‘सहज आठवलं म्हणून’ असं लिहा. ‘सहज’ फार कामाचा शब्द आहे. त्याच्याखाली साडेतीनशे शब्दांचा मजकूर आणि म्हादई नदीच्या पाणीवाटपाचा नकाशा दोन्ही खपून जातात.

मनाला लाज वाटत असेल तर थोरांची उदाहरणं आठवा. २००८ साली ओबामांच्या प्रचाराने मोटारींच्या शर्यतीच्या एका व्हिडिओ गेममध्ये रस्त्याकडेचे फलक विकत घेतले होते. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या सदस्य अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्तेझ ‘अमंग अस’ हा ऑनलाइन गेम खेळायला बसल्या, आणि एका वेळी चार लाखांवर लोक ते बघत होते. बाईंनी लोकांना मतदान करा म्हणून सांगितलं आणि बाकीचा वेळ खरोखरच खेळण्यात घालवला. ही त्यांची चूक. तुम्ही ती करू नका.

आता वेळेचं बघू. माईंची शेवटची सोंगटी घरापासून दोन पावलांवर आहे, त्यांना नेमका दोनच हवा आहे, फासा त्यांच्याकडे आहे. हाच तो क्षण. विचारा, ‘पण १९६७ ला आपण चुकलो की नाही?’

यापुढे तुम्हाला काही करावं लागत नाही. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल, महाराष्ट्रात विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळ्या गोव्याची दोन पानं, ३४,०२१ मतांनी लागलेला निकाल: हे सगळं आमच्याकडे पाण्यावरच्या शेवाळासारखं वरच तरंगत असतं. मास्तर लगेच लिहितात की त्यांच्या वडिलांनी फुलाला मत दिलं होतं आणि त्याचा त्यांना शेवटपर्यंत अभिमान होता. माईंचे बाबा सायकल मारत दोन पानांच्या सभांना जायचे. तेवढ्यात तारवटीला भर समुद्रात रेंज येते, आणि तो १९८७ चा राजभाषा कायदा काढतो. मग कोकणी राजभाषा, मराठी शासकीय वापराला, म्हणजे नेमकं काय, यावर मास्तर शुद्ध मराठीत आणि माई अस्सल कोकणीत भांडतात, आणि दोघांना एकमेकांचं अक्षर न् अक्षर कळतं. या शेवटच्या मुद्द्याकडे कोणाचं लक्ष जाऊ देऊ नका.

एव्हाना माईंच्या चालीची वेळ संपलेली असते. पोदेर लिहितो, ‘खेळा मरे, माका झोपूंक जाय.’ त्याला ‘तटस्थ राहणं म्हणजे अन्यायाला साथ देणं’ असं सुनवा.

कोणी पक्षनिष्ठेबद्दल विचारलं तर मात्र विषय बदला. जानेवारी २०२२ मध्ये काँग्रेसच्या उमेदवारांनी पणजीच्या महालक्ष्मीपुढे, बांबोळीच्या खुरसापुढे (क्रूसापुढे) आणि बेतीच्या दर्ग्यात पक्ष न सोडण्याची शपथ घेतली होती. निवडून आलेल्या ११ पैकी ८ जण सप्टेंबरात भाजपात गेले. लुडोत ही सोय नाही; हिरवी सोंगटी पटभर फिरली तरी निळ्या घरात शिरत नाही. मास्तर म्हणतात, म्हणूनच आपण हा खेळ खेळतो. तेव्हा ज्यांनी मत बदलायला हवं ते सगळे पटावर, आणि ज्यांनी बदलून दाखवलं ते पर्वरीच्या विधानसभेत, अशी थोडी अडचण आहे खरी. त्यावर अंगठा दाखवून पुढचा नकाशा टाका.

महिन्याभरात ‘फक्त लुडो’ नावाचा दुसरा ग्रुप निघेल आणि त्यात तुम्ही नसाल. याचा अर्थ लोक तुमच्या मुद्द्यांना घाबरले, असाच लावा.

एक धोका तेवढा सांगून ठेवतो. १४ फेब्रुवारी २०२२ ला, मतदानाच्या सकाळी, पोदेराने भट्टी आटोपून पावाची व्हॅन काढली आणि माई, माईंची नणंद, मास्तर, सगळ्यांना बूथपर्यंत सोडलं. मीही त्यातच होतो, उंडे पावांच्या टोपलीला टेकून. वाटभर बोलणं एवढंच, की काल कोणी कोणाची सोंगटी मारली. उतरताना माई त्याच्याकडे वळून म्हणाल्या, ‘तू म्हणशील तशें रे पुता.’ तो काहीच म्हणाला नव्हता.

असला माणूस तुमच्या ग्रुपात असेल तर त्याला वेळीच काढून टाका. ॲडमिन तोच निघाला तर इलाज नाही.