बिनसाखरेची नात

वऱ्हाडातल्या खेड्यात 'चहा घेणार का?' असं कोणी विचारत नाही. तुम्ही अंगणात चपला काढेपर्यंत आतल्या खोलीत 'चाय मांड वं' अशी हाक गेलेली असते. तुम्ही नको म्हणता, परत नको म्हणता, मग काकुळतीला येऊन 'बरं, अर्धाच कप' म्हणता. अर्धा कप म्हणजे कप काठोकाठ आणि उरलेली बशीत. मे महिन्यात, सकाळी नवालाच टिनपत्रे तापून कडकड वाजायला लागलेले असताना, असा पाहुणचार एखाद्या घरी सोसता येतो. आमच्या गावात घरं पुष्कळ आहेत आणि त्यातली निम्मी आमच्या नात्यातली. उरलेली निम्मी, आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या मते, नात्यातल्यांपेक्षा जवळची.

मी पुण्यात नोकरी करते. ऑफिसात यंत्रातून येणारी काळी कॉफी पिते, बिनसाखरेची. त्यात आरोग्याचा विचार वगैरे काही नाही. यंत्राशेजारच्या डब्यात साखर कधी नसायचीच, मग तसंच अंगवळणी पडलं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं रामायण यावरूनच घडलं.

गावी जायचं म्हणजे रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं अकोला गाठायचं आणि तिथून अकोटच्या रस्त्याला लागायचं. वाटेत गांधीग्रामला पूर्णा लागते. श्रावणात हिचं पाणी कावडीत भरून अकोल्याची पोरं राजराजेश्वराला नेतात. मे महिन्यात तिच्याकडे न पाहिलेलं बरं. गांधीग्रामची गुळपट्टी आजीला लागते, ती घेतली. माझ्याविरुद्धचा पहिला पुरावा मी असा स्वतःच्या पैशानं विकत घेतला.

पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या ३ जिल्ह्यांत मिळून सुमारे ४७०० चौरस किलोमीटर मुलूख असा, की वर कापसाची काळीशार माती आणि खाली कुठंही खणा, पाणी खारट. या पाण्यात साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजता शिजत नाही, आणि केस धुतले तर विंचरायला दुसरा माणूस लागतो. ओलीत करावं तर जमीनच बिघडते, म्हणून शेती पावसाच्या भरवशावर. आमच्या कूलरच्या गवतावर उन्हाळा संपेपर्यंत असा पांढरा थर बसतो, की आबा तो चमच्यानं खरवडून 'घ्या, भाजीले मीठ' म्हणत आजीपुढे धरतात. हल्ली वान धरणाचं गोडं पाणी नळाला येतं. ते आलं की गाव हातातलं काम टाकून गुंड, बादल्या, ड्रम, जे सापडेल ते भरतं. आंघोळीला खारं, प्यायला आणि चायला गोडं, हा घरोघरचा कायदा.

आबांचं म्हणणं असं की आपल्याकडची चाय एवढी गोड असते ती या खाऱ्या पाण्यामुळेच. पूर्वी विहिरीच्याच पाण्याची चाय व्हायची. खार झाकायचा तर शक्कर ढिल्या हातानं सोडावी लागायची. पाणी बदललं, हात काही बदलला नाही. हे कितपत खरं ते आबा जाणोत, पण आमचं घर मात्र गोड चायवरच उभं आहे. खारपाणपट्ट्यात पोरगी द्यायला तेव्हा लोक कचरायचे, म्हणून आजीच्या वडलांनी ठरवलं होतं की आधी विहीर पाहायची आणि मग मुलगा. पणजोबांना याचा सुगावा लागला. त्यांनी रातोरात बैलगाडीत पिंपं घालून सातपुड्याच्या बाजूच्या कुठल्याशा गावातून गोडं पाणी आणवलं आणि पाहुण्यांना त्याची चाय पाजली. आजीचे वडील वरून आणखी एक बशी प्याले, 'पाणी तं बेस हाय' म्हणाले आणि विहिरीकडे न जाता सुपारी फोडून मोकळे झाले. लग्न होऊन आलेल्या आजीनं इथं पहिली चूळ भरली तेव्हा तिला सगळा उलगडा झाला. आबांनी काहीही सांगितलं तरी ती अजून 'हो का?' असं एका ठरावीक सुरात म्हणते, त्याचा उगम त्या चुळीत आहे.

तर आबांची फेरी. नात आली की तिला गावात फिरवून आणायची, हे त्यांचं कर्तव्य. नातीनं प्रत्येक घरी चाय पिऊन यायची, हे तिचं. क्रम त्यांनी आदल्या रात्री अंगणात बाजेवर पडल्या पडल्याच लावला होता, आणि हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. आमच्यात 'वरचे' आणि 'खालचे' असे दोन भाऊबंद आहेत. सख्खे चुलतभाऊ. दोघांच्या वावरांमध्ये धुरा, म्हणजे बांध आहे आणि धुऱ्यावर बोरीचं झाड. बोर आंबट आहे, किडकी आहे, तिची बोरं बकऱ्यासुद्धा नाखुशीनं खातात. ती कोणाची यावर दोघांचं बोलणं बंद आहे. मध्ये सरकारी मोजणी झाली. मोजणीत बोर बरोबर मधोमध निघाली, त्यामुळे मिटायचं तेही राहिलं. आता एकाकडे चाय घेतली आणि दुसऱ्याकडे टाळली, तर आबा कोणत्या बाजूचे हे गावाला समजणार. गेल्या खेपेला वरच्यांकडे आधी गेलो होतो, म्हणून यंदा खालच्यांकडे आधी. पण मग वरच्यांकडे जास्त वेळ टेकायचं, म्हणजे फिटंफाट.

"अन दोन्हीकडे पुरी पेजो," आबांनी बजावलं. "कपात घोट उरला नाही पायजे. लोक कप धुताना पायतात."

खालच्या काकूकडे आबा सपरीत बसले आणि मी आत, सैपाकघराच्या उंबऱ्यावर. "कवा आली वं? काहून एवढी वाळली वं माय?" असं म्हणत काकूनं गंज गॅसवर ठेवला. निव्वळ दूध. पाणी घालायचं ते नावाला, तेही रांजणातलं गोडं. मग शक्करीचा डबा उघडला. डब्यात चमचा होता, पण तो बहुधा डबा घेतला तेव्हापासून आत पडूनच असावा. काकूनं वाटी बुडवली. भरलेली वाटी गंजात गेली. मग काकूनं माझ्या मनगटाकडे पाहिलं, तिला ते बारीक वाटलं, आणि वाटी परत डब्यात शिरली.

"काकू, मला बिनसाखरेची चालेल," मी म्हटलं.

वाटी हवेत थांबली. "काहून वं?"

"मी घेत नाही साखर."

"घेत नाही का चालत नाही?"

"तसं नाही, सवय नाही."

काकू गप्प झाली. वऱ्हाडातली काकू गप्प झाली म्हणजे समजावं, उत्तर तिचं तिनं ठरवलं आहे. तिनं मुकाट्यानं दुसरं भांडं घेतलं, माझ्यापुरती फिक्की चाय वेगळी केली आणि कप हातात देताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. निघताना कुंकू लावलं, तेही जरा जास्तच मायेनं.

खालचे आणि वरचे एकमेकांशी बोलत नाहीत. बातमी मात्र कोणाच्या बोलण्यावाचून अडत नाही. आम्ही वरच्यांच्या दारात पोचलो तर वरची काकू पदर खोचून वाटच पाहत होती. "तुह्यासाठी फिक्कीच मांडली," ती दबक्या आवाजात म्हणाली. "खालचीनं नुसती शक्कर टाकली नाही, मी तं मेथीदाणेबी टाकले." भाऊबंदकी कुठल्या थराला जाते ते मी त्या दिवशी जिभेनं अनुभवलं. दुधात उकळलेली मेथी. घोट उरवायचा नव्हता. बाहेर आबा बोरीच्या झाडाचा विषय निघू नये म्हणून जिनिंगच्या भावावर जोरजोरात बोलत होते, आणि आत काकू माझ्या गळ्याखाली उतरणारा एकेक घोट मोजत होती.

आता मे महिना म्हणजे कुरडयांचा महिना. घरोघरच्या बाया आळीपाळीनं एकीच्या अंगणात जमतात. गव्हाचा चीक शिजवायचा, साच्यात भरायचा आणि बाजेवर जुनं लुगडं अंथरून त्यावर कुरडया घालायच्या. हात गुंतलेले आणि तोंडं मोकळी. त्या सकाळचा घाणा आमच्याच गल्लीत होता. तिसऱ्या-चौथ्या बाजेपर्यंत 'साखर घेत नाही'ची 'शुगर हाय' झाली. घाणा संपेस्तोवर 'सुई घ्या लागते म्हनते' इथवर मजल गेली. कोणीतरी मला गुळपट्टीचं पुडकं घेऊन उतरताना पाहिलं होतं. त्यावरून 'चोरून गोड खाते, म्हनून तं एवढी वाळली' हा निष्कर्ष निघाला. घरातले सगळे कागद एकमेकांशी जुळतील असा सातबारा आमच्या गावात कोणाचा नाही, पण ही गोष्ट कशी चपखल जुळली.

पुढच्या घरांमध्ये चाय मिळाली नाही, औषधं मिळाली. एकीनं जांभळाच्या बियांची पूड कागदात बांधून दिली. एकीनं बेलाची पानं तिच्यासमोरच चावायला लावली. एका मोठ्या मायनं कारल्याचा रस काढला आणि मी तोंड वाकडं करताच "कडूच पायजे, कडूच काम करते" म्हणून दुसरा पेला भरला. मी सगळीकडे 'मला काही झालेलं नाही' असं सांगत होते. त्यावर प्रत्येक घरी तेच उत्तर: "हो हो, काही होत नाही, आजकाल समद्यायलेच हाय."

संध्याकाळी आशाताई घरी आली. तिच्या पिशवीत तो सरकारी फॉर्म असतो: वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, घरात कोणाला बीपी-शुगर. शेजारणी आपापले तांदूळ घेऊन आमच्या ओट्यावर निवडायला आल्या होत्या. 'तंबाखू?' विचारल्यावर निवडणं थांबलं. 'दारू?' विचारल्यावर एक सूप हातातून निसटलं. मग टेप. आशाताईनं माप मोठ्यानं वाचलं, आणि सकाळपासून मला वाळली म्हणणाऱ्या बायांपैकी एक पटकन बोलून गेली, "एवढी?" मग आशाताईनं पानभर भरलेल्या फॉर्ममध्ये वर वयाचा रकाना पाहिला.

"ताई, ही तपासणी तिशीच्या वरच्या लोकांची असते. तुमचं नाव यात बसत नाही."

फॉर्म तिनं फाडला. कंबर तेवढी गावाच्या ध्यानात राहिली.

आजी हे सगळं चुलीपाशी बसून ऐकत होती. तिला सगळ्यात झोंबली ती शुगर नव्हे. शुगर तर तिच्या मते शहरात हवेतच असते. पण 'त्यायच्या घरची पोरगी चाय नाही पेत' हे वाक्य गावात फिरतं आहे, हे तिला सहन होईना. खाऱ्या विहिरीच्या घरात येऊन तिनं उभा जन्म आल्यागेल्याला गोड पाजलं होतं.

"उद्या मी नेते तुले," ती म्हणाली.

"कुठं?"

"समद्यायच्या घरी."

सकाळी आजी नवं लुगडं नेसून तयार. हातात गुळपट्टीचं पुडकं. ती वरच्यांकडे आधी निघालेली पाहून आबा बाजेवरून उठले. कालची सगळी फिटंफाट विस्कटणार होती. "अवं, काल खालचे आधी झाले, आज वरचे आधी, तं लोक म्हनतीन..."

"धुरा गेला चुलीत," आजी म्हणाली आणि निघाली.

प्रत्येक घरी एकच खेळ. आजी सैपाकघरात जाऊन बसायची, शक्करीच्या डब्याकडे बोट करायची. "टाक. अजून टाक. हात आखडू नको, पोरगी पुण्याहून आली." मग मी प्यायची, सगळ्या घरासमोर, आजीची नजर कपावर. वर तोंडी लावायला गुळपट्टीचा तुकडा, तोही कुडुम वाजेल असा चावायचा, म्हणजे माजघरातल्या सासूपर्यंत ऐकू जावं. वरच्या काकूनं मेथीदाणे काढलेच होते, आजीनं ते परत डब्यात घालायला लावले. चौथ्या घरानंतर माझे ओठ एकमेकांना चिकटायला लागले. दहा वाजले होते, ऊन डोक्यावर आलं होतं, आणि आजीच्या चालण्यात असा काही ठेका आला होता की हिला थांबवायला माणूस पुढे यायला धजावत नव्हता.

खालच्या काकूचं घर तिनं मुद्दाम शेवटी ठेवलं. बातमी जिथून सुटली, तिथंच तिचा निकाल लागायचा होता. काकूनं चाय केली, आजीच्या देखरेखीखाली, दोन वाट्यांची. मी कप संपवला. बशी संपवली. आजीनं पदराआडून चिमटा काढला, तेव्हा 'काकू, अजून थोडी' असंही म्हटलं.

काकू माझ्याकडे टकामका पाहत राहिली. मग हनुवटीला हात लावून म्हणाली, "अवं बाप्पा, एवढं गोड पेते वं पोरी? जप बरं. अशानंच शुगर निंगते."

आजीनं आपली बशी खाली ठेवली.

"तिचं जाऊ दे. वरचीनं आज निव्वळ दुधाची पाजली, वरून सायबी टाकली. तुही तं आज पातळच झाली वं."

काकू ताडकन उठली आणि गंज परत गॅसवर चढवला.