कॅरमसाठी बॉक्सटूडीच का: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कॉम्प्युटरवरचा कॅरमचा खेळ बनवण्याबद्दलच्या माझ्या लेखावर इतकं सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: नवशिक्या मुलांना मी बॉक्सटूडी हे २००७ सालचं फिजिक्स इंजिन (खेळातल्या वस्तूंची हालचाल आणि टक्कर ठरवणारा प्रोग्राम) शिकवतो, जोल्ट हे दुसरं इंजिन त्याहून कितीतरी वेगवान आहे, मी बेंचमार्क (वेगाच्या तुलनेच्या चाचण्या) पाहिलेले नाहीत, आणि ठाण्यातल्या मुलांनी मागेच राहावं का? शेवटचा प्रश्न मनाला लागला, म्हणून उत्तर लांबलंय.

एरिन कॅटो यांचं बॉक्सटूडी २००७ मध्ये आलं हे खरं. पण २०२४ च्या ऑगस्टमध्ये आलेली तिसरी आवृत्ती सी भाषेत नव्याने लिहिलेली आहे. जोल्ट उत्तमच आहे, त्याबद्दल वाद नाही. मात्र ते थ्रीडीचं इंजिन आहे, आणि बेंचमार्कमध्ये मोजतात ते शेकडो-हजारो वस्तूंची टक्कर. कॅरममध्ये नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या, एक राणी आणि स्ट्रायकर, म्हणजे वीस वस्तू. रविवारी नौपाड्यात माझ्याकडे जमणाऱ्या मुलांचे जुने लॅपटॉपही तेवढं आरामात पेलतात. वेगाचं घोडं तिथे अडतच नाही.

अडतं ते सोंगटी खरी वाटण्यापाशी. सोंगटीचा व्यास ३.१८ सेंटिमीटर. बॉक्सटूडी मीटरमध्ये मोजतं आणि हलणारी वस्तू ०.१ ते १० मीटरची असावी, असं त्याची माहितीपुस्तिकाच सांगते. म्हणून आम्ही मापं दहापट करतो: सोंगटी ०.३१८ मीटर, स्ट्रायकर ०.४१३, बोर्ड ७.४. पुढची अडचण जास्त फसवी. दोन वस्तू सेकंदाला एक मीटरपेक्षा कमी वेगाने आदळल्या, तर इंजिन त्यांना उसळीच देत नाही. ठोकळ्यांचा ढीग थरथरत राहू नये म्हणून केलेली ही सोय आहे. कॅरममध्ये मात्र त्यामुळे हलका कट मारला की दोन सोंगट्या चिकटल्यासारख्या सोबत सरकतात. ऐरोलीहून येणारी एक मुलगी यावर अख्खी दुपार अडकली होती. उसळीचा आकडा वाढवत होती, फरक शून्य. मग तिने ती वेगमर्यादाच शून्यावर आणली आणि सोंगट्या टक्कन सुटल्या! तिचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता.

आणि हे मुद्दाम सांगतो: जोल्टमध्येही ही मर्यादा मुळात सेकंदाला एक मीटरच आहे. इंजिन बदलून तिची दुपार वाचली नसती.

घर्षणाच्या बाबतीत तुमच्या बाजूचा मुद्दा मीच मांडतो. वरून पाहिलेल्या टूडी खेळात बोर्ड ही वस्तूच नसते, त्यामुळे सोंगटी आपोआप थांबत नाही. लिनियर डॅम्पिंग, म्हणजे वेगाच्या प्रमाणात मागे ओढणारी इंजिनातली सोय, लावलं तर वेग उतरेल तशी ओढही कमी होत जाते आणि सोंगटी शेवटी नुसती रांगत राहते. खऱ्या बोर्डावर वेग एकसारखा उतरतो आणि ती ठाम थांबते. ते घर्षणाचं बल आम्ही इंजिनाच्या हिशेबाच्या दर टप्प्याला उलट दिशेने स्वतः लावतो. जोल्टमध्ये बोर्ड खराच ठेवता येतो, घर्षण आयतं मिळतं. पण सोंगटी म्हणजे चपटा सिलिंडर, आणि सिलिंडर हा आकार आपल्याकडे सर्वांत कमी स्थिर आहे, जमल्यास दुसरा घ्या, असं जोल्टचीच माहितीपुस्तिका सांगते. पाच ओळींचं बल लिहिणं मला त्यापेक्षा कधीही परवडतं, शिवाय मुलांना घर्षण कळतं ते वेगळंच.

जोरदार फटक्याला स्ट्रायकर सोंगटीच्या आरपार जातो, त्यासाठी त्याला बॉक्सटूडीतली बुलेट ही खूण (वस्तू वेगवान आहे, असं इंजिनला सांगणारी) लावायची. तेवढं पुरतं.

तेव्हा इंजिन निवडताना आपल्या खेळातली सर्वांत त्रासदायक वस्तू आधी त्यात टाकून बघावी, हे माझं म्हणणं कायम आहे. तुम्ही स्वतः गोडो या खेळ बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये थ्रीडी गाडीचा खेळ करताय असं लिहिलंत. तिथे जोल्टच ठेवा, माझंही मत तेच. फक्त त्यासाठी जोल्टचं वेगळं ॲड-ऑन (वरून जोडायचा भाग) बसवू नका. गोडो ४.४ पासून जोल्ट आतच आलंय आणि ते जुनं ॲड-ऑन आता केवळ देखभालीपुरतं चालू आहे. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये फिजिक्स, मग थ्रीडी, तिथे जोल्ट निवडा आणि एडिटर पुन्हा सुरू करा.