दोन टेबलं, एक माणूस

सरकारी नोकरीत अतिरिक्त कार्यभाराचा आदेश दोन ओळींचा असतो. स्वतःचं काम सांभाळून हेही बघावं. कसं बघावं, ते कुणी लिहीत नाही. करणाऱ्यालाच काम मिळतं, हे तर सगळ्यांना पाठ आहे.

मग सुरू होतात वेळेच्या नियोजनाचे सल्ले. अहो, कार्यालय 9:45 ते 6:15. पुढे सीएसएमटीहून कल्याण फास्ट. वेळ ताणून ताणून किती ताणणार? दोन टेबलांचं काम एकाकडे आलं की काहीतरी मागे पडणारच. काय मागे पडू द्यायचं, ते काम देणाऱ्याने ठरवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

ते करणाऱ्यावर सोडलं की ओरडणारं काम आधी होतं. माझं मूळ टेबल आस्थापनेचं, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नोकरी-पेन्शनच्या कामांचं; वरून आलं माहिती अधिकाराचं. तिथे 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उशीर झाला तर माहिती आयोग जन माहिती अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड लावू शकतो, तोही स्वतःच्या खिशातून. त्यापुढे निवृत्त शिपाईमामांच्या पेन्शनची फाइल आधी कोण काढेल? ते बिचारे फोन करतात तेही 'मॅडम, कामात तर नाही ना?' असं विचारत. मग त्या फायलीचं भिजत घोंगडं. 2005 च्या दफ्तर दिरंगाई कायद्याप्रमाणे फाइल कुणाकडेही कामाच्या 7 दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. हे 7 दिवस मोजताना तुमच्याकडे टेबलं किती, हे कुणी विचारत नाही.

म्हणून आदेश हातात पडला की मी एक पान टाइप करते. डावीकडे मुदतीची कामं, तारखांसकट. पेन्शनची प्रकरणं मी मुद्दाम इथेच घालते. उजवीकडे थांबू शकणारी कामं: जुन्या नस्त्यांचं अ, ब, क, ड वर्गीकरण (कोणती फाइल किती वर्षं ठेवायची ते) आणि दरमहाची ती विवरणपत्रं, जी वर कुणी उघडत नसावं असा माझा दाट संशय आहे.

या वेळीही साहेब म्हणाले, "दोन्ही बघा हो."

"बघते ना साहेब. फक्त उजवीकडचं काय थांबवू, तेवढी खूण करा."

कपाळाला आठ्या घालून त्यांनी पान दोनदा वाचलं. वर्गीकरणापुढे 'पुढील तिमाहीत' लिहिलं, खाली छोटी सही केली. विवरणपत्रं मात्र तशीच चालू ठेवली. ते पान मी पृष्ठ क्रमांक टाकून फाइलला लावलंय.