साडेसहाशे वॅट म्हणजे नक्की कुठले साडेसहाशे?

प्रोसेसर ठरला, ग्राफिक्स कार्ड ठरलं, रॅम, एसएसडी, मदरबोर्ड सगळं ठरलं, आणि हा एसएमपीएस नावाचा लोखंडी डबा, म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय, ज्याच्या जिवावर बाकीचे सगळे पार्ट चालणार, तोच ठरत नाहीये. कारण तो ठरवायला जी माहिती लागते ती द्यायला कोणी तयारच नाही! दुकानदार देत नाही, बॉक्सवर नसते, कंपनीच्या साईटवरही अर्धवटच. सगळे एकच आकडा तोंडावर फेकतात, वॅट. ४५०, ६५०, ७५०, ८५०. आणि या आकड्यातले बारा व्होल्टवर किती मिळणार असं विचारलं की समोरचा असा बघतो की जणू मी त्याची शेतीच नावावर करून मागितली.

पीसी धाकट्या बहिणीसाठी बनवतोय. आर्किटेक्चरचं शेवटचं वर्ष आहे, रात्र रात्र रेंडर लावून ठेवते, म्हणजे हे मशीन तासन्‌तास फुल लोडवर चालणार. रायझन ५ ७६०० प्रोसेसर आणि एनव्हीडियाचं आरटीएक्स ५०६० ग्राफिक्स कार्ड, एवढंच. प्रोसेसर जास्तीत जास्त ८८ वॅट ओढतो, कार्ड १४५, मदरबोर्ड, रॅम, पंखे, ड्राइव्ह सगळं मिळून अजून साठेक धरा. तीनशेच्या आसपास आलं. मग एनव्हीडिया या कार्डासाठी ५५० वॅट का सांगते? थोडी मार्जिन हवीच, कार्ड क्षणभरासाठी उसळी मारतं, ते मान्य आहे. पण एक कारण हेही आहे की लोक कसला डबा लावतील याचा भरवसा नाही. म्हणजे फालतू माल विकणाऱ्यांमुळे सगळ्यांनाच आकडा फुगवून सांगावा लागतो, आणि त्या फुगवलेल्या आकड्यावर हे दुकानदार अजून आपला मसाला टाकतात.

इथे नागपुरात बर्डीवर एका दुकानात गेलो तर म्हणे, "भाऊ, कॅबिनेटसोबत साडेचारशेचा एसएमपीएस येते ना, वेगळा कायले घेता?" म्हटलं दाखवा. काढला त्याने. आधी हातात घेतल्यावरच कळतं, इतका हलका की आत काही आहे की नाही अशी शंका यावी. वर मोठ्या अक्षरात ४५० वॅट. बाजूच्या लेबलवर मुंगीएवढ्या अक्षरात तक्ता, आणि त्यात बारा व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. करा ना गुणाकार, १९२ वॅट! आजच्या पीसीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही बारा व्होल्टवरच चालतात. बाकीचे वॅट पाच आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यात भरलेत, जे वीस वर्षांपूर्वीच्या मशीनला लागायचे, आज कोणाच्या कामाचे? दोघे मिळूनच २३३ ओढणार आणि हा देणार १९२, तेही लेबल खरं बोलत असेल तर. कार्डाला लागणारा आठ पिनचा कनेक्टर त्यात नव्हताच. त्यावरही उत्तर तयार, "मोलेक्सचा कन्व्हर्टर देतो ना, चालते बिनधास्त." आठ पिनचा कनेक्टर १५० वॅटसाठी असतो राजेहो, आणि तुम्ही तो त्या चार पिनच्या ढिल्या मोलेक्सवर लटकवणार? वायर वितळली तर बिलावर तुमचं नाव लिहून देणार का? नाही देणार. फक्त "आजपर्यंत कोणाची तक्रार नाही" हे एक वाक्य देणार.

मग दुसरं टोक. दुसऱ्या दुकानात विचारलं तर थेट ८५० वॅट गोल्ड (ब्राँझ, गोल्ड हे वीज कमी वाया जाण्याचे ८० प्लसचे दर्जे), दहा हजाराच्या घरात. का? "फ्यूचरप्रूफ." अहो तीनशे वॅटच्या मशीनला साडेआठशे कशाला, तो पैसा रॅममध्ये गेला तर पोरीचं रेंडर तरी नीट होईल. म्हणे गोल्ड आहे, लाईटबिल वाचेल. हे वाक्य तर मला आता झोपेतही ऐकू येतं. हिशोब मांडून दाखवतो. तीनशे वॅटचं काम, ब्राँझची एफिशियन्सी अर्ध्या लोडला ८५ टक्के धरा, गोल्डची ९०. भिंतीतून एक ३५३ वॅट ओढेल, दुसरा ३३३. फरक वीस वॅट. रोज चार तास चाललं तर महिन्याला अडीच युनिटसुद्धा होत नाहीत. युनिट बारा रुपये धरलं तरी तीस रुपयांच्या आत. या तीस रुपयांसाठी तीन-चार हजार जास्त मोजायचे, आणि ते फिटायला नऊ ते बारा वर्षं लागणार! गोल्ड वाईट असं मी म्हणतच नाही, चांगले गोल्ड आहेत, पण खोटं कारण सांगून का विकता?

आणि मुळात तो ८० प्लसचा शिक्का सांगतो काय? फक्त वीज किती वाया जाते ते. बस. व्होल्टेज किती स्थिर आहे, बारा व्होल्टवर रिपल, म्हणजे व्होल्टेजची बारीक थरथर, किती आहे (१२० मिलिव्होल्टच्या आत पाहिजे), शॉर्ट झालं, लोड वाढला, आत जास्त तापलं तर तो वेळेवर बंद होतो की नाही, यातलं काहीही तो शिक्का सांगत नाही. टेस्टही होते साधारण २३ अंशाला. नागपुरात मे महिन्यात २३ अंश कुठे असतं ते दाखवा मला! बाहेर पंचेचाळीस, कूलर लावूनही खोली पस्तीसच्या वर, आणि कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त. मग पूर्ण वॅट पन्नास अंशाला मिळतील की चाळीस की पंचवीस, हे बॉक्सवर ठळक का लिहीत नाही? काही कंपन्या लिहितात, म्हणजे लिहिता येतं. बाकीच्यांना काय अडचण आहे? आतले कॅपॅसिटर १०५ अंश सोसणारे की ८५, तेही विचारायची सोय नाही.

कोणी म्हणेल मोठ्या ब्रँडचा घे आणि मोकळा हो. तेही करून चालत नाही ना! २०२१ मध्ये गिगाबाईटच्या पी७५०जीएम आणि पी८५०जीएमचं काय झालं ते आठवा, टेस्ट बेंचवर धडाधड उडत होते, गेमर्स नेक्सस या यूट्यूब चॅनलने व्हिडिओ करून दाखवलं, शेवटी ऑगस्टमध्ये कंपनीला ठराविक सिरियलचे युनिट बदलून द्यायची घोषणा करावी लागली. नाव मोठं होतं आणि शिक्का गोल्डचाच होता. बऱ्याच ब्रँडचे एसएमपीएस त्यांनी स्वतः बनवलेलेच नसतात, सीसॉनिक, सीडब्ल्यूटी, ग्रेट वॉल, एचईसी असल्या कारखान्यांतून बनवून घेतात आणि वर आपलं स्टिकर. त्यात वाईट काही नाही, पण मग आतला कोणाचा हे सांगा. तेच नाव, तोच बॉक्स, आणि आतली प्लॅटफॉर्म, म्हणजे मूळ सर्किटच, गुपचूप बदललेली, मग मी रात्री जागून वाचलेला रिव्ह्यू नेमका कुठल्या डब्याचा?

आणि आमच्याकडे लाइन जाते त्याचं काय. पावसाळ्यात तर विचारूच नका. घरोघरी ६०० व्हीएचा यूपीएस असतो, तो खरा ३६० वॅटचाच, आणि बॅटरीवर गेला की स्वच्छ साईन वेव्ह देत नाही. अ‍ॅक्टिव्ह पीएफसी सर्किट (भिंतीतून वीज नीट ओढणारं) असलेले काही एसएमपीएस त्याच्यावर नीट चालतात, काही लाइन गेल्या क्षणी धपकन बंद. कारण यूपीएस बॅटरीवर जाईपर्यंतचे काही मिलिसेकंद एसएमपीएसने स्वतःच्या जोरावर काढायचे असतात, त्याला होल्ड-अप टाइम म्हणतात, एटीएक्स ३.० या एसएमपीएसच्या स्टँडर्डमध्ये फुल लोडला १२ आणि ८० टक्के लोडला १७ मिलिसेकंद दिलाय. हा आकडा बॉक्सवर शोधून दाखवा. पंख्यातल्या आरजीबी लाईटचे रंग किती ते मात्र चारही बाजूंना छापलेलं! बहिणीचं सात तासांचं रेंडर सहाव्या तासाला मेलं तर त्या रंगांचं करायचं काय?

अजून एक, आणि याच्यावर तर मला फार राग येतो. मॉड्युलर, म्हणजे केबल काढता-लावता येणारा एसएमपीएस घ्यायचा म्हटलं, ड्राइव्हला वीज देणारी साटा केबल एक कमी पडत होती, तर काउंटरवरच्या पोराने ड्रॉवरमधून दुसऱ्याच कंपनीची काढून दिली, "बसते ना भाऊ, झालं." बसते म्हणून झालं? ड्राइव्हच्या बाजूची पिन सगळ्यांची सारखी असते, एसएमपीएसच्या बाजूची नसते, त्याचं कुठलंही स्टँडर्ड नाही. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले की हार्ड डिस्क संपली, आणि त्यात पाच वर्षांची ड्रॉइंग्ज. जो रोज पीसी जोडून विकतो त्याला हे माहीत नसावं? आणि माहीत असून देत असेल तर काय बोलायचं!

अर्थिंगचं कोणी विचारतही नाही. तिसरी पिन नुसती दाखवायला असलेले बोर्ड आपल्याकडे ढिगाने आहेत, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, आणि इन्स्टॉल करायला आलेला माणूस म्हणतो "चप्पल घालून बसा." पोरगी अनवाणी बसणार त्या टेबलाशी. चप्पल हा उपाय आहे?

शेवटी मी दुकानात सांगून आलोय. साडेपाचशे वॅट मला पुरतो, साडेसहाशे दिला तरी हरकत नाही, पण लेबलचा स्पष्ट फोटो पाठवा, बारा व्होल्टवर निदान ४५ अँपिअर दिसले पाहिजेत, सगळी प्रोटेक्शन्स लिहिलेली पाहिजेत, नेमका मॉडेल नंबर पाहिजे आणि वॉरंटी नागपुरातच मिळते की डबा मुंबईला पाठवून महिनाभर बसायचं तेही लेखी पाहिजे. बाकी पार्टचं बिल करा, एसएमपीएसची ओळ कोरी ठेवा. तो म्हणाला, "भाऊ, एवढं कोणी विचारत नाही." मी विचारतोय, आणि फोटो आल्याशिवाय त्या ओळीचा एक रुपया देणार नाही.